सव्विसाव्या दिवसाची भजी

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. खुंटीवर पिशव्या साठतात तसे ते साठतात. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. मग एखाद्या दिवशी बाजाराला निघताना एक ओढायला जावं, तर सगळ्याच अंगावर येतात!

परवा तसंच झालं. चार मित्र घरी बसले होते. एकानं सहज विचारलं, "मास्तर, तुमची ती खोली अजून चालू आहे का हो?" मी एक किस्सा सांगितला. त्याला धरून दुसरा आला. चहा तीनदा झाला तरी कुणी उठेना.

पण या किश्श्यांना एक अट आहे. ती माझ्या पत्नीनं, सुमतीनं घातलेली. "ज्याचा किस्सा, तो समोर बसलेला असताना सांगता येईल तेवढाच सांगायचा. आणि हसायचं ते पहिल्यांदा त्यानं." या अटीमुळं बरेच चांगले किस्से गळाले. उरले ते हे.

*

सुमती सरकारी दवाखान्यात नर्स होती. बरीच वर्षं मानसिक आजाराच्या वॉर्डात. माणूस बरा होऊन घरी जायचा, सहा महिने कोपऱ्यात रिकामा बसायचा आणि परत वॉर्डात यायचा. ती म्हणायची, "गोळीनं माणूस उठतो. पण उठून जायला जागा नसेल तर तो परत झोपणारच की." शेवटी तिनं नोकरी सोडली आणि अशा लोकांना काम शोधून द्यायचं ठरवलं.

त्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दस्तगीरचाचांच्या सायकल दुकानामागची खोली घेतली. चाचांना वाटलं, बाई शिवणक्लास काढणार. खरं त्यांना दुपारी कळलं. संध्याकाळी म्हणाले, "भाभी, खोली दिली ती दिली. दिलेला शब्द फिरवत न्हाई. पण माझ्या पंपाला कुणी हात लावायचा न्हाई!"

पहिल्याच महिन्यात पुण्याच्या एका संस्थेच्या बाई खोली बघायला आल्या. मदत द्यायची की नाही, ते ठरवायला. दारातच चाचा बसले होते. पुढ्यात पाण्याचं घमेलं, त्यात ट्यूब दाबलेली, आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत डोळे पाण्यात रुतलेले. पंक्चर बारीक होतं. दहा मिनिटं मान वर नाही.

बाई हळूच त्यांच्यापुढं वाकल्या. अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, किती दिवसांपासून त्रास होतोय तुम्हाला?"

चाचांनी मान वर न करता सांगितलं, "ह्या भाभींनी खोली घेतली तवापास्नं!"

*

काम मागायला गेलं की मालक पहिला प्रश्न विचारायचा, "इतकी वर्षं कुठं होता?" घरच्या लोकांनी त्यावर एक उत्तर पढवून ठेवलेलं असायचं. "सांगायचं, मुंबईला होतो." त्या काळी निम्मं कोल्हापूर मुंबईला जाऊन आलेलं, त्यामुळं ते खपायचंही.

गुंडाप्पा म्हणून गडहिंग्लजकडचा एक जण होता. सरळ माणूस, मुंबई कधी बघितली नव्हती. एका धान्याच्या दुकानात त्याला पाठवलं. मालकांनी विचारलं, "आधी कुठं?" गुंडाप्पा म्हणाला, "मुंबईला."

मालक खूश. "आँ! मुंबईत कुठं?"

गुंडाप्पानं ऐकलेलं एक नाव ठोकून दिलं. "लालबाग."

"अरे मर्दा! मी वीस वर्षं लालबागला काढली! कुठली चाळ?"

गुंडाप्पानं डोकं खाजवलं. मालक वाट बघतायत. शेवटी तो म्हणाला, "मालक, त्यापेक्षा मेंटल हॉस्पिटलचं विचारा. तिथलं समदं सांगतो!"

मालक हसून हसून पोत्यावर बसले. त्याला ठेवूनही घेतलं. पण सुमतीनं त्याच दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि सगळ्यांना पाठ करायला लावलं. 'आजारी होतो. आता बरा आहे, काम करतो.' एवढंच. कमी नाही, जास्त नाही. खोटं तर मुळीच नाही.

*

बाकी तिची पद्धत अगदी साधी. कामाच्या पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोबत जायचं. आत पाऊल टाकायचं नाही. मालकाला एकच सांगायचं, "काही अडचण आली तर मला सांगायचं, त्यांना बोलायचं नाही." आणि खोलीतल्या रजिस्टरात, ज्याच्या त्याच्या पानावर, कामावर गेलेल्या प्रत्येक दिवसाची एक रेघ ओढायची.

श्रीपतीला घेऊन ती इचलकरंजीला गेली तेव्हा मीही बरोबर होतो. श्रीपतीला कानात माणसं बोलताना ऐकू यायची. गोळ्यांनी कमी झालेली, पण गेली नव्हती. आणि काम मिळालेलं ते यंत्रमागाच्या शेडमध्ये! एसटीत तो सारखा म्हणत होता, "बाई, मला न्हाई जमायचं."

सुमती म्हणाली, "जमायचं की नाही ते आत गेल्यावर बघू. आत्ता फाटकापर्यंत जायचंय. फाटकापर्यंत जमतंय का?"

"फाटकापतोर काय, कुणालाबी जमतंय."

"मग झालं."

शेडच्या बाहेरच मला माझाच आवाज ऐकू येईना. आत माग धडाधडा चाललेले. कामगार एकमेकांशी हातांनी, भुवयांनी बोलत होते. श्रीपती आत गेला. आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. मी मनातल्या मनात परतीची तिकिटं तीन धरली होती.

संध्याकाळी शिफ्ट सुटली. श्रीपती बाहेर आला तो चक्क हसत! म्हणाला, "बाई, हितं लई बरं हाय. हितं कुणाचंच कुणाला ऐकू येत न्हाय!"

*

तारक्काचा किस्सा तिच्याच तोंडून ऐकण्यासारखा आहे, पण ती तो चार शब्दांत संपवते.

घरातल्या एका आघातानंतर तारक्का दोन वर्षं बोललीच नव्हती. एक अक्षर नाही. पण हात चालायचे. सुमतीनं तिला एका मुलांच्या बोर्डिंगात भाकरी थापायला लावून दिलं. तिथं कोंडाबाई म्हणून मुख्य स्वयंपाकीण होती. आवाज असा की तीन गल्ल्यांना जेवायची वेळ कळावी. कोंडाबाई दिवसभर बोलायची, तारक्का दिवसभर थापायची. दोघींचं छान जमलं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी कोंडाबाईनं परातीत पीठ मळून तारक्कापुढं सरकवलं. तारक्कानं हात घातला, थांबली, आणि स्पष्ट म्हणाली, "पीठ घट्ट झालंया."

बोर्डिंगचा वॉर्डन पळत खोलीवर आला. सुमती तशीच निघाली. वाटेत पेढे घेतले. जाऊन बघते तर सगळी पोरं तारक्काभोवती जमलेली, आणि कोंडाबाई कोपऱ्यात पदर डोळ्याला लावून बसलेली.

"अगं, आनंदाची गोष्ट आहे!" सुमती म्हणाली.

"आनंदाची तुमाला!" कोंडाबाई म्हणाली. "दोन वरसांनी त्वांड उघडलं, आन् नाव ठिवलं ते माझ्याच पिठाला!"

*

आता वसंत. हे सगळे किस्से त्याच्यासमोर सांगून झालेले आहेत, आणि त्याचा स्वतःचा सांगायला त्याची पूर्ण परवानगी आहे. किंबहुना मी काही गाळलं तर तो दुरुस्त करतो.

वसंत फिटर. वय पस्तिशीचं, लग्न नाही, पेठेतच थोरल्या भावाकडं राहायचा. हातात कानस घेतली की लोखंड लोण्यासारखं व्हायचं. असा कारागीर उद्यमनगरात कुठल्याही कारखान्यात चालला असता, आणि चालायचाही. फक्त सव्वीस दिवस!

सव्वीस हजेऱ्या भरल्या की तिथं महिना धरतात. वसंत पंचवीस दिवस वेळेवर जायचा. सव्विसाव्या दिवशी दुपारपर्यंत काम करायचा, पान्हे पुसायचा, कानशी ब्रशनं साफ करून ओळीनं लावायचा, आणि निघून यायचा. दुसऱ्या दिवसापासून नाही. सहा कारखाने झाले, सहाही वेळा तेच. रजिस्टरात त्याच्या पानावर सव्वीस रेघा, खाली आडवी रेघ. परत सव्वीस, परत आडवी रेघ.

आणि प्रत्येक वेळी त्यानंतर दोन-दोन महिने तो घराबाहेर पडायचा नाही. दोनदा तर वॉर्डात ठेवावं लागलं. शेवटच्या वेळी भाऊ खोलीवर येऊन सांगून गेला, "बाई, आणि एकदा बघतो. न्हाईतर कायमचं तिकडंच ठेवतो. आमच्यानं आता हुईत न्हाई." भाऊ वाईट नव्हता. दमला होता.

सव्विसाव्या दिवसाचं कारण मात्र कुणाला सापडेना. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या इंजेक्शनचा असर उतरत असेल. त्यांनी तारखा बदलल्या. वसंत सव्विसाव्या दिवशी दुपारी घरी हजर! मी म्हटलं, अमावस्या-पौर्णिमा असेल. सुमतीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. चाचा म्हणाले, "सायकलीचं बी असंच असतंय. एकाच जागी पंक्चर हुतीया म्हंजे टायरात कायतरी अडकलंय. ट्यूब बदलून काय हुणार?"

वसंतला विचारलं की तो म्हणायचा, "काय न्हाई. कट्टाळा आला."

सहाव्या कारखान्याचे मालक शंकरराव स्वतः खोलीवर भांडायला आले. मोठा आवाज, मोठ्या मिशा. "बाई, हे काय चालवलंय? सव्विसाव्या दिवशी गडी गायब! मला असा माणूस द्या, की जो न सांगता जाणार न्हाई!"

सुमती म्हणाली, "बघते."

शंकरराव दारापर्यंत गेले. परत फिरले. आवाज खाली आणून म्हणाले, "आणि नसला तसा कोण, तर ह्योच परत द्या."

*

त्याच वेळी सुमतीनं शंकररावांना बसवून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं सव्विसाव्या दिवशी असतं काय?"

"काय असणार? आमच्या उद्यमनगरात रीत हाय. नव्या माणसाचा महिना भरला की त्यानं समद्यांस्नी चहा-भजी द्यायची. दुपारी चार वाजता मशिनी बंद. समदी गोल बसत्यात. मग त्यो काय नवा ऱ्हाईत न्हाई, आमचाच झाला."

"आणि बोलता काय?"

"बोलतो की. निवांत इचारपूस. पावणं, घरात कोण कोण? गाव कुठलं? हितं यायच्या आधी कुठं हुता?"

सुमती घरी आली ती दारातूनच म्हणाली, "वसंतचं दुखणं सापडलं."

"काय?"

"भजी!"

एक माणूस सहा नोकऱ्या सोडतो, कारण सव्विसाव्या दिवशी बारा जण मायेनं विचारणार, आधी कुठं होतास! आम्ही सगळे गोळ्या बदलत बसलो होतो. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "बाई, भज्यांवर माझ्याकडं गोळी नाही."

मी म्हटलं, सोपं आहे. शंकररावांना सांगून भजी रद्द करू. सुमती म्हणाली, "मग तो जन्मभर नवाच राहील."

*

त्यामुळं, वसंत परत घराबाहेर पडायला लागल्यावर, दर गुरुवारी संध्याकाळी खोलीत तालीम सुरू झाली. खरी भजी तळून! चाचांच्या घरून कढई आली, तारक्का तळायला. सगळे गोल बसायचे आणि एकमेकांना विचारायचे, "पावणं, आधी कुठं हुता?" ज्याला विचारलं त्यानं फळ्यावरचं वाक्य म्हणायचं आणि भजं उचलायचं.

मालकाचं काम वसंत करायचा. असा मालक खऱ्या उद्यमनगरातही नसेल! "हात दाखव. नखं कापायला टाइम न्हाई मिळाला? आधीचं सर्टिफिकेट? घरी ऱ्हायलं? मग तू बी घरीच ऱ्हा!" लोक खरोखर घाम पुसायचे. गुंडाप्पा एकदा म्हणाला, "ह्याच्यापरीस लालबागवालं बरं हुतं!"

वसंतची स्वतःची पाळी आली की मालक मी. मी विचारायचो, "काय वसंतराव, आधी कुठं होता?"

वसंत फळ्याकडं बघायचा. वाक्य समोर लिहिलेलं. ओठ हलायचे. मग म्हणायचा, "मास्तर, जरा पाणी पितो."

दोन महिने हे चाललं. चाचा वाक्य न अडखळता म्हणायला लागले, खरं म्हणजे त्यांना काही गरज नव्हती. तारक्काही म्हणायला लागली. सगळ्यांची वजनं वाढली. एका वसंतच्या तोंडून वाक्य काही आलं नाही.

*

त्या वर्षी दिवाळीनंतर सुमती आजारी पडली. दवाखान्यातही ती कॉटवर रजिस्टर घेऊन बसायची. शंकररावांना चिठ्ठी पाठवून तिनं वसंतला परत त्यांच्याकडंच लावून घेतलं. पुढच्या सोमवारपासून.

वसंत भेटायला आला. स्टुलावर बसला. सुमतीनं विचारलं, "वाक्य?"

तो खिडकीकडं बघत म्हणाला, "बाई, तेवढं सोडून काय बी म्हणायला सांगा."

"बरं. सव्वीसचा पाढा म्हण."

वसंत उठून उभा राहिला. हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात सुरू झाला. सव्वीस एके सव्वीस, सव्वीस दुणे बावन्न! वॉर्डात सगळं थांबलं. नर्स इंजेक्शन हातात धरून उभी. सव्वीस दाहे दोनशे साठ झाल्यावर तो खाली बसला.

पलीकडच्या कॉटवरच्या म्हातारीला नीट दिसत नव्हतं. ती म्हणाली, "पोरगं लई हुशार हाय, बाई. कितवीत हाय?"

सुमती एवढी हसली की तिला धरून बसवावं लागलं. वसंतही हसला. पण अटीप्रमाणं पहिल्यांदा हसला तो तोच.

त्या आठवड्याच्या शेवटी ती गेली.

त्याबद्दल मी इथं काही सांगत नाही. अट तिनंच घातलेली आहे. तिचा किस्सा सांगायचा तर ती समोर बसलेली हवी.

*

सोमवारी वसंत कामावर गेला. फाटकापर्यंत सोबत दस्तगीरचाचा गेले. भर सोमवारी दुकान बंद ठेवून!

मी मात्र शाळेत गेलो नाही. सकाळी सातची शाळा. मी साडेसहाला शर्ट घालायचो, खिशाला पेन लावायचो आणि खुर्चीत बसायचो. मग दुपार व्हायची. शर्ट काढून ठेवायचो. रजेचे अर्ज शेजाऱ्यांबरोबर जायचे. हेडसरांनी दोनदा शिपाई पाठवला. मी त्याला चहा दिला.

खोलीवरही गेलो नाही. रजिस्टर चाचांनी चालवलं. रेघ ओढायला पेन कुठं सापडणार? ते वसंतच्या पानावर रोज ग्रीसचा अंगठाच उठवायचे. संध्याकाळी ते पान मला दाखवायला घरी आणायचे. माझ्यापुढं धरायचे. "मास्तर, बारा." "मास्तर, अठरा." मी मान हलवायचो. पंचवीस झाले त्या संध्याकाळीही चाचा आले. पान दाखवलं आणि मिटलं. उठताना म्हणाले, "भावाला सांगितलंय मी. उद्याच्या दिवस गप ऱ्हा म्हणून."

दुसऱ्या दिवशी पहाट सरताना दारावर थाप पडली. उघडलं तर वसंत. दाढी केलेली, कामाचे धुतलेले कपडे, हातात डबा. मला वाटलं, या वेळी दुपारपर्यंतही थांबला नाही. सांगायला आला.

मी म्हटलं, "वसंत, आज तुझा सव्विसावा."

"व्हय. म्हणून तर आलोय. चला."

"कुठं?"

"शाळंला."

"मला नाही जमणार रे."

वसंतनं चप्पल काढली नव्हती. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "जमायचं की न्हाई ते आत गेल्यावर बघायचं. फाटकापतोर जमतंय का?"

शर्ट मी घातलेलाच होता.

दोघं निघालो. दूध घेऊन येणाऱ्या सायकली, कुस्तीच्या तालमीतून येणारी, अंगाला माती लागलेली पोरं, सगळं जिथल्या तिथं होतं. शाळेचं फाटक आलं. वसंत बरोबर फाटकाच्या रेषेवर थांबला. पद्धत म्हणजे पद्धत.

पण हेडसर फाटकातच उभे होते. उशिरा येणाऱ्या पोरांना धरायला. माझ्यापेक्षा वयानं लहान, भला माणूस. मला बघून गोंधळले. काय बोलावं सुचेना म्हणून बोलून गेले, "अहो सर! इतके दिवस होता कुठं?"

हा प्रश्न मी मालक होऊन शंभर वेळा विचारला होता. उत्तर मला पाठ होतं. तोंड उघडलं. काही आलं नाही.

मागून वसंत म्हणाला, "आजारी हुते. आता बरं हायत, काम करत्यात."

हेडसरांनी त्याच्याकडं बघितलं. "हो, हो. अर्थातच. या सर, या."

"आणि सायेब," वसंत म्हणाला, "काय अडचण आली तर मला सांगायचं. त्यास्नी बोलायचं न्हाई."

"बरं," हेडसर म्हणाले. एवढ्या मोठ्या शाळेचे हेडसर! शहाण्या मुलासारखे "बरं" म्हणाले.

मी आत गेलो. पहिला तास भूगोलाचा होता. नद्या.

घंटा झाल्यावर घरी आलो आणि दुपारपासून दारातच बसलो. तीन वाजले. चार वाजले. पाचला चाचा आले. हातात रजिस्टर, अंगठ्याला ताजं ग्रीस. तेही पायरीवर बसले. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाकडं बघत होतो.

साडेपाचला वसंत वळणावर दिसला. सावकाश येत होता. जवळ आला तेव्हा हातात कागदाचा पुडा दिसला. तेलानं खालून ओला झालेला. तो त्यानं माझ्या मांडीवर ठेवला.

"गार झाल्यात. खावा."

चाचांनी विचारलं, "विचारलं त्यांनी?"

"विचारलं की. बाराच्या बारा जणांनी."

"मग? काय सांगितलंस?"

"सकाळी मास्तरांच्या सायबास्नी सांगितलं तेच. नुसतं मास्तरांच्या जागी मला घातलं."

मला पुढचं विचारवेना. चाचांनीच विचारलं, "मग काय म्हणाले रे?"

वसंतनं पुड्यातलं एक भजं उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला,

"म्हणाले, मीठ कमी हाय."